प्रश्न स्वतःचा असला की

मुलांनो आणि पालकहो,

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला मी विचारतो, 'ई अँड टीसी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन, का घेतलंत?' बरीच मुलं सरळ सांगतात, 'सर, प्रवेशाच्या कॅप राउंडला कॉम्प्युटर मिळालं नाही.' त्यात मला काही गैर वाटत नाही. पालक म्हणतात, आता सेमीकंडक्टरला स्कोप आहे. तेही खरं आहे. केंद्र सरकारने २०२१ मध्ये त्यासाठी ७६,००० कोटींची योजना जाहीर केली. डोक्यावर शैक्षणिक कर्ज असलेल्या मुलाने पॅकेजचा विचार करायलाच हवा. पण सिग्नल्स अँड सिस्टिम्सचा पेपर अंगावर आला की एवढं कारण पुरत नाही.

टिकणारी ओढ मी प्रोजेक्टच्या टेबलावर पाहिली आहे. शेतीपंपाला थ्री फेज वीज कधी दिवसा, कधी रात्री येते. वडील अपरात्री बॅटरी घेऊन विहिरीवर जातात, वाटेत बिबट्याची भीती. अशा घरातला एक मुलगा मोबाइल स्टार्टर, म्हणजे फोनवरून पंप चालू-बंद करणारं यंत्र, करायला बसला. तो बाजारात तयार मिळतो हे त्याला ठाऊक होतं, तरी स्वतःच करायचा होता. मिस्ड कॉल दिला की रिले, म्हणजे कॉइलच्या चुंबकाने चालणारा स्विच, 'टक' करून लागायचा. सुटताना मात्र मायक्रोकंट्रोलर, म्हणजे सगळं चालवणारी छोटी चिप, रीसेट व्हायचा. कोड त्याने पुन्हापुन्हा तपासला, कोडमध्ये काहीच नव्हतं. रिलेच्या कॉइलमधला करंट एकदम तुटला की उलट दिशेचं मोठं व्होल्टेज उसळतं. कॉइलला समांतर एक साधा डायोड, म्हणजे एकाच दिशेने करंट जाऊ देणारा भाग, उलटा जोडला आणि रीसेट थांबला. हे त्याने परीक्षेत लिहिलंही होतं! पुढच्या आठवड्यात तो विचारायला आला, 'सर, एक फेज गेली की मोटार जळते, ते आधीच कसं ओळखायचं?' हा प्रश्न सिलॅबसने दिलेला नव्हता.

काहींना ओढ लागते ती अफाट गोष्टी पाहून. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण आहे, प्रा. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, त्यांचा पृष्ठभाग पत्र्याचा नाही, बारीक तारांच्या जाळीचा. वारा आरपार जातो. आकाशातून येणारा सिग्नल इतका क्षीण असतो की तो वाढवणाऱ्या पहिल्या अँप्लिफायरचा स्वतःचा नॉइजही (खरखर) त्याला झाकून टाकू शकतो. विज्ञान दिनाला, २८ फेब्रुवारीला, तिथे प्रदर्शन भरतं. मुलांना जरूर न्या.

प्राचार्यांना माझी विनंती आहे, लॅब पाचला बंद करू नका; मुलांचं डोकं त्यानंतर चालू लागतं. आणि पालकहो, बंद पडलेला रेडिओ भंगारात घालण्याआधी मुलीच्या हातात द्या. सेलवर चालणारा असेल तर उत्तम. मायक्रोवेव्ह मात्र उघडू देऊ नका. प्लग काढल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा चार्ज राहू शकतो.