सायगाव, सप्टेंबर १९४५

व्हिएतनाममधील परकीय लष्करी हस्तक्षेपाविषयी बोलताना बहुतेक जण मार्च १९६५ मध्ये दानांगला उतरलेल्या अमेरिकन मरीन सैनिकांपासून सुरुवात करतात. मला वीस वर्षे मागे जायचे आहे, कारण महायुद्ध संपल्यावर तेथे फ्रेंच सत्तेला पुन्हा पाय रोवू दिले ते एका ब्रिटिश सेनापतीने, आणि त्याच्या हाताखालचे बहुसंख्य सैनिक हिंदी होते.

२ सप्टेंबर १९४५ रोजी हो चि मिन्ह यांनी हनोईच्या बा दिन्ह चौकात स्वातंत्र्य जाहीर केले. त्याआधीच्या दुष्काळात उत्तरेत लक्षावधी माणसे अन्नावाचून मेली होती, आणि धान्याची कोठारे फोडून लोकांना तांदूळ वाटणाऱ्या व्हिएतमिन्हचा, म्हणजे हो चि मिन्ह यांच्या स्वातंत्र्यवादी संघटनेचा, प्रभाव त्यातूनच वाढला होता. परंतु जपानी फौजांना निःशस्त्र करण्यासाठी दोस्त राष्ट्रांनी सोळाव्या अक्षांशावर देशाची वाटणी केली होती: उत्तर चिन्यांकडे, दक्षिण ब्रिटिशांकडे.

ब्रह्मदेशात लढलेली विसावी हिंदी डिव्हिजन घेऊन मेजर जनरल डग्लस ग्रेसी १३ सप्टेंबरला सायगावात पोहोचले. काम मर्यादित होते. तरीही २१ तारखेला त्यांनी जाहीरनामा काढून लष्करी कायदा पुकारला, आणि तोही सोळाव्या अक्षांशाच्या दक्षिणेकडील संपूर्ण प्रदेशासाठी. हे धोरणाच्या चौकटीबाहेर जात असल्याचे आग्नेय आशियातील दोस्तांचे सरसेनापती असलेल्या खुद्द माउंटबॅटन यांचेही मत होते. पाठोपाठ जपान्यांच्या कैदेतून सुटलेल्या हजाराहून अधिक फ्रेंच सैनिकांना शस्त्रे देण्यात आली आणि २३ सप्टेंबरच्या पहाटे त्यांनी नगरभवन, पोलीस ठाणी व इतर सरकारी इमारती बळकावल्या. व्हिएतनामी नागरिकांना रस्त्यावर मारहाण झाली; सूडाच्या लाटेत पुढच्या दोन दिवसांत फ्रेंच स्त्री-पुरुष आणि मुले मारली गेली. ग्रेसींनी ज्याला देश सोडायला सांगितले होते, तो अमेरिकन गुप्तवार्ता अधिकारी पीटर ड्यूई २६ तारखेला गोळीबारात ठार झाला.

मग जे घडले ते मला सर्वांत उद्वेगजनक वाटते. मनुष्यबळ अपुरे पडू लागताच ज्यांची शस्त्रे काढून घ्यायची त्या जपानी सैनिकांनाच ब्रिटिश हुकमाखाली व्हिएतमिन्हविरुद्ध उतरवण्यात आले. ग्रेसींचे समर्थक म्हणतात की त्यांनी केवळ सुव्यवस्था राखली. पण सुव्यवस्था कोणाची, हा प्रश्न त्यांनी आल्याआल्याच फ्रेंचांच्या बाजूने सोडवून टाकला होता. अर्थात दोष एकट्या ग्रेसींचा नव्हे. फ्रेंच साम्राज्य परत उभे राहावे ही लंडनचीही इच्छा होती.

पारतंत्र्यातल्या हिंदी सैनिकांना दुसऱ्यांच्या स्वातंत्र्यलढ्याविरुद्ध वापरले जात असल्याबद्दल नेहरूंनी जाहीर संताप व्यक्त केला. शेजारच्या इंडोनेशियातही हेच चालले होते, आणि फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईत संपावर गेलेल्या नौसैनिकांनी तेथून हिंदी फौजा परत आणण्याची मागणी केली.

तोवर सायगावची सूत्रे फ्रेंच सेनापती लेक्लेर यांच्याकडे गेली होती आणि ग्रेसी परतले होते. डिसेंबर १९४६ मध्ये हनोईत उघड युद्ध पेटले. मे १९५४ मध्ये दिएन बिएन फू हा फ्रेंचांचा लष्करी तळ पडला, तेव्हा फ्रेंचांच्या युद्धखर्चाचा बहुतांश भार अमेरिका उचलत होती.