पातळ रक्ताची गोष्ट

श्रोतेहो, नमस्कार.

साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनसाठी माझा भाचा काही महिने यवतेश्वरचा घाट धावत चढत होता, आणि त्याच काळातील रक्ततपासणीत त्याचे हिमोग्लोबिन 15 वरून 13.6 वर आलेले दिसले. माझ्या बहिणीने त्याच संध्याकाळी त्याचे बूट माळ्यावर टाकले, बीट, खजूर आणि अळिवाचे लाडू यांचा मारा सुरू केला आणि मला फोन केला, "दादा, पोराचं रक्त आटलं की रे!" मी विचारले, अवचित चार पाहुणे आले तर तू आमटीचे काय करतेस? "पाणी घालते, दुसरं काय?" मग पातेल्यातली डाळ कमी होते का? ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "डाळ नाही, पण चव जाते." या उत्तराला मला दाद द्यावीच लागली.

भाच्याच्या रक्तात हेच झाले होते. नियमित सरावाने रक्तातील द्रवभाग, म्हणजे प्लाझ्मा, काही दिवसांतच वाढू लागतो. हिमोग्लोबिन ज्यांत असते त्या तांबड्या पेशी मात्र मूत्रपिंडातून निघणाऱ्या एरिथ्रोपोएटिन या संप्रेरकाच्या इशाऱ्यावर अस्थिमज्जेत तयार होत असल्याने त्यांची भर पडायला आठवडे, कधी महिने लागतात. म्हणजे प्रमाण उतरते, साठा नाही. पुन्हा सांगतो, प्रमाण उतरते, साठा नाही. असे पातळ रक्त सहज वाहते, हृदयाकडे अधिक परतते, आणि प्रत्येक ठोक्याला अधिक रक्त पुढे जात असल्याने विश्रांतीच्या वेळी नाडी संथ चालते. (ती मोजायला मनगटावर महागडे घड्याळ लागत नाही, दोन बोटे पुरतात.)

पावले जमिनीवर आपटून तळव्यांत काही पेशी फुटतातही. 1881 मध्ये जर्मनीत फ्लायशर या डॉक्टरांनी लांब कूच केल्यावर गडद लाल लघवी होणाऱ्या एका सैनिकाची नोंद केली होती. एरवी साधारण 120 दिवस जगणाऱ्या या पेशींपैकी जुन्या, ताठर झालेल्या आधी फुटतात, आणि त्यांच्या जागी येणाऱ्या कोवळ्या पेशी अरुंद केशवाहिन्यांतून अंग चोरून सहज निघून जातात.

मात्र लोह खरोखर कमी असले तरी हिमोग्लोबिन असेच उतरते, विशेषतः पाळी चालू असलेल्या धावपटू स्त्रियांमध्ये. म्हणून फेरिटिनही, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा सांगणारे प्रथिन, तपासून घ्यावे, लोहाच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत, आणि जेवणावर लगेच चहा तर मुळीच नको, कारण त्याने अन्नातले लोह नीट अंगी लागत नाही. भाच्याचे फेरिटिन उत्तम निघाले, तेव्हा कुठे बूट माळ्यावरून खाली आले.