दुग्धाम्लावरचा आळ

श्रोतेहो, नमस्कार.

सिंहगड पहिल्यांदाच चढून आलेला माणूस दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कठड्याला धरून जिना उतरू लागला, की घरातले कोणीतरी हमखास सांगते, ‘पायांत लॅक्टिक ॲसिड साठलंय.’ हे निदान चुकीचे आहे. चढताना रक्तात वाढलेले हे आम्ल विश्रांतीनंतर साधारण तासाभरात पूर्वपदावर येते. दोन दिवसांनी पाय भरून येतात ते सवय नसलेल्या श्रमाने, त्यातही गड उतरताना बसलेल्या ताणाने, स्नायूंच्या तंतूंना झालेल्या सूक्ष्म इजांमुळे.

मराठीत लॅक्टिक ॲसिडला दुग्धाम्ल म्हणतात. स्वीडनमधील रसायनशास्त्रज्ञ कार्ल शेले यांनी १७८० मध्ये ते आंबलेल्या दुधातून वेगळे केले. दह्यावर सुटणाऱ्या पाण्याची आंबट चव त्याचीच. दह्यात ते जिवाणू तयार करतात, शरीरात आपल्याच पेशी.

स्नायूंत ग्लुकोजच्या एका रेणूपासून पायरुव्हेट या लहान संयुगाचे दोन रेणू होतात आणि एटीपीच्या, म्हणजे पेशीत ऊर्जा पुरवणाऱ्या रसायनाच्या, दोन रेणूंइतकी ऊर्जा लगेच हाती येते. एरवी हे पायरुव्हेट पेशीतल्या तंतुकणिकांत, म्हणजे ऊर्जा तयार करणाऱ्या सूक्ष्म भट्ट्यांत (मायटोकॉन्ड्रिया), जळते. पण चढण खडी लागली आणि ऊर्जेची मागणी त्यांच्या आवाक्याबाहेर गेली, की त्याचे लॅक्टेट होते (शरीरात दुग्धाम्ल बहुतांशी याच रूपात वावरते), आणि त्यामुळेच ग्लुकोजचे विघटन अडून न राहता चालू राहते.

पुढचा प्रवास गर्टी आणि कार्ल कोरी या दांपत्याने उलगडला, ज्यांना १९४७ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. स्नायूंतून निघालेले लॅक्टेट रक्तावाटे यकृतात पोहोचते, तेथे त्याचे पुन्हा ग्लुकोज बनते आणि ते परत स्नायूंकडे जाते. व्यवहार तसा आतबट्ट्याचा: स्नायूंना एटीपीचे दोन रेणू मिळतात, यकृताला सहा मोजावे लागतात. पण ऐन चढणीवर स्नायूंची नड भागते आणि भुर्दंड यकृत सोसते, ही सोय मला तरी फार शहाणपणाची वाटते.

आणि गड चढायलाच हवा असेही नाही. तांबड्या रक्तपेशींत तंतुकणिकाच नसतात, त्यामुळे आपण गाढ झोपेत असलो तरी त्या लॅक्टेट तयार करीतच असतात; आपण आत्ता स्वस्थ बसून हे भाषण ऐकत असताना आपले हृदयही त्यातले काही लॅक्टेट रक्तातून उचलून इंधन म्हणून जाळीत आहे.