कुत्र्याच्या अंगावरची गाठ आणि कॅन्सरचं निदान

नमस्कार श्रोतेहो.

वावरातली रात्रीची जागल असो की गोठ्यातली ढोरं, आपल्याकडे राखण कुत्र्याच्या भरवशावर चालते. रानडुक्कर धुऱ्यावर आलं की आधी तोच धावतो. त्यामुळे त्याच्या अंगावर ओरखडा, गोचीड, फोड काहीतरी असतंच, आणि त्याचं कुणाला विशेष वाटत नाही. कातडीचा कॅन्सर गावाकडे उशिरा कळतो तो यामुळेच. आजचं बोलणं आहे ते मुख्यतः अशा घरांसाठी, जिथे डॉक्टरांनी नुकतंच सांगितलंय की ही गाठ साधी दिसत नाही.

अशा वेळी घरात दोनच गोष्टी होतात. कुणी म्हणतं, आता काही उरलं नाही, सोडून द्या. कुणी गावठी इलाज सुरू करतं: गाठीला घोड्याचा केस आवळून बांधणं, चुना लावणं, किडे पडू नयेत म्हणून रॉकेल किंवा फिनेल ओतणं. दोन्ही टाळा. केस बांधला की वरचा भाग सडून गळतो आणि मुळं आतच राहतात. चुन्यानं चांगली कातडी भाजते, मग ऑपरेशनच्या वेळी टाके घालायला धड कातडी सापडत नाही. रॉकेल आणि फिनेल तर तो चाटतो आणि ते पोटात जातं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे गाठ दाबू नका, पिळू नका. कुत्र्यात नेहमी सापडणारी एक घातक गाठ आहे, मास्ट सेल ट्यूमर. तिच्या पेशींत हिस्टामीन नावाचं, सूज आणणारं रसायन भरलेलं असतं. दाबली की ते बाहेर सुटतं, आजूबाजूची कातडी लाल होऊन सुजते. हीच गाठ आज मोठी, परवा लहान अशी दिसते, आणि घरच्यांना वाटतं की बरी होतेय. हिस्टामीन रक्तात गेलं की पोटात आम्ल वाढतं, जठराला व्रण पडतात. उलट्या सुरू झाल्या किंवा शी डांबरासारखी काळी, चिकट झाली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

गाठ दिसल्या दिवशी करायचं काम सोपं आहे. शेजारी एक रुपयाचं नाणं धरून मोबाइलवर फोटो काढा. शिवणकामाच्या टेपनं लांबी-रुंदी मोजा आणि तारखेसह लिहून ठेवा. सेंटीमीटरपेक्षा मोठी गाठ, महिनाभर तशीच राहिलेली गाठ, किंवा भरून न येणारी जखम, यांतलं काहीही असलं तर तपासणी लांबवू नका.

तपासणी म्हणजे आधी सुईची. 22 किंवा 23 नंबरची बारीक सुई गाठीत घालून थोड्या पेशी काढतात, काचेच्या पट्टीवर पसरतात, रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. भूल लागत नाही. चरबीची निरुपद्रवी गाठ आणि मास्ट सेल ट्यूमर हाताला अगदी सारख्या लागू शकतात. नुसतं चाचपून सांगणाऱ्याच्या शब्दावर थांबू नका, मग तो कितीही जाणता असो. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात ही सोय नसेल, तर नागपूरला सेमिनरी हिल्सवरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय किंवा अकोल्याची स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्था, या दोन ठिकाणी पाठवायचं का, ते डॉक्टरांना विचारा.

नमुना गावातून पाठवायचा झाला तर एक चूक हमखास होते. कापून काढलेला तुकडा फॉर्मॅलिनच्या, म्हणजे नमुना टिकवणाऱ्या रसायनाच्या, बाटलीत असतो आणि सुईच्या काचपट्ट्या त्याच पिशवीत टाकतात. फॉर्मॅलिनच्या वाफेनं पट्ट्यांवरच्या पेशी खराब होतात, रंग नीट चढत नाही. दोन्ही वेगळ्या पिशव्यांत हवेत. तुकड्यासाठी 10 टक्के फॉर्मॅलिन, तेही तुकड्याच्या दहापट, रुंद तोंडाच्या बाटलीत. बर्फात गोठवायचं नाही.

आता नावं. कातडीचा कॅन्सर हा काही एकच आजार नाही. मास्ट सेल ट्यूमर खालच्या दर्जाचा, म्हणजे कमी आक्रमक, असेल आणि मुळापासून निघाला, तर पुष्कळ कुत्री पुढे चांगली जगतात. वरच्या दर्जाचा, म्हणजे जास्त आक्रमक, असेल तर तो लसिका ग्रंथी, प्लीहा, यकृत इथे पसरतो. मेलानोमा, म्हणजे रंगद्रव्याच्या पेशींची गाठ, केसाळ कातडीवर असेल तर बहुतेकदा सौम्य असते. ओठावर, तोंडात किंवा नखाच्या बुडाशी असेल तर गंभीर धरायची. पांढऱ्या, विरळ केसांच्या पोटाचा कुत्रा वर्षानुवर्षं उन्हात उताणा पडत असेल, तर पोटाला आणि मांडीच्या आतल्या बाजूला न भरणारा व्रण होतो. तो स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, म्हणजे कातडीच्या वरच्या थरातल्या पेशींचा कॅन्सर, असू शकतो. अशा कुत्र्याला मार्च ते जून सकाळी दहापासून सांजेपर्यंत सावलीत बांधणं हा उपचाराचाच भाग आहे. आणि मोकाट फिरणाऱ्या कुत्र्यांत लिंगावर किंवा योनीत फुलकोबीसारखी, रक्त गळणारी गाठ दिसते. ती मिलनातून आणि चाटण्यातून कुत्र्याकडून कुत्र्याकडे जाते. तिला कॅन्सर म्हणतात म्हणून लोक हात टेकतात. खरं तर व्हिन्क्रिस्टीन या कॅन्सरच्या औषधाची इंजेक्शनं आठवड्याला एक याप्रमाणे साधारण चार ते सहा दिली की बहुतेक कुत्री पूर्ण बरी होतात. यांतला कुठलाही कॅन्सर माणसाला लागत नाही. लेकरांना कुत्र्यापासून तोडू नका.

म्हणून "कॅन्सर आहे" एवढं ऐकून घरी परतू नका. विचारा: गाठीचं नाव काय, दर्जा कोणता, जवळच्या लसिका ग्रंथी तपासल्या का, ऑपरेशन झाल्यावर कडेचा भाग स्वच्छ, म्हणजे कॅन्सरच्या पेशी नसलेला, आला का. उत्तरं कागदावर लिहून घ्या. घाबरलेल्या माणसाच्या लक्षात अर्धंच राहतं.

ऑपरेशन ठरलं तर पहिलंच नीट व्हायला हवं. मास्ट सेल ट्यूमरमध्ये गाठीच्या चहूबाजूंनी 2 ते 3 सेंटीमीटर चांगली कातडी आणि खालचा एक थर काढतात. गाठ बोराएवढी आणि टाके वीतभर, हे पाहून रागावू नका. थोडंसं कापून आणलेली गाठ परत येते, आणि दुसऱ्या वेळी काम अवघड होतं. पायावर कातडी कमी असते, तिथे डॉक्टर वेगळा मार्ग सुचवतील. आदल्या रात्री जेवण बंद, साधारण 8 ते 12 तास उपास. पाणी सकाळपर्यंत चालतं. औषधाची मात्रा वजनावर ठरते. कापसाच्या काट्यावर आधी कुत्र्याला उचलून उभे राहा, मग एकटे, आणि वजाबाकी करा.

टाके 10 ते 14 दिवसांनी निघतात, आणि घरच्यांचं खरं काम याच दिवसांत असतं. चाटलं की टाके उसवतात. गळ्यातला प्लास्टिकचा कोन मिळाला नाही तर जुना सुती बनियन घाला, पुढचे पाय बाह्यांतून काढून. गोठ्यात, शेणाजवळ बांधू नका. माशी बसली की उन्हाळ्यात एका दिवसात किडे पडतात. ओसरीवर, धुतलेल्या गोणपाटावर ठेवा आणि सकाळ-संध्याकाळ जखम डोळ्यांनी पाहा. वास आला, पाणी सुटलं तर कळवा. जागलीला नेणं, पळवणं बंद.

माणसाची दुखण्याची गोळी देऊ नका. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफिनॅकनं कुत्र्याच्या जठराला व्रण पडतात, मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड चालू असेल तर हा धोका आणखी वाढतो. प्रेडनिसोलोननं तहान, भूक आणि लघवी वाढते. ते अपेक्षित आहे, त्यामुळे पाण्याचं भांडं भरलेलं असू द्या. पण गोळी मनानं एकदम बंद करायची नाही. ती हळूहळू कमी करतात.

केमोथेरपी म्हटल्यावर लोक माणसातला त्रास डोळ्यांसमोर आणतात. कुत्र्यात मात्रा अशी ठेवतात की त्याचे दिवस बरे जावेत. केस सहसा झडत नाहीत. व्हिन्क्रिस्टीन शिरेबाहेर सांडलं तर तिथली कातडी सडते, म्हणून इंजेक्शनच्या वेळी कुत्र्याला ओळखीच्या माणसानं घट्ट धरावं. नंतरचे दोन-तीन दिवस त्याची लघवी आणि शी हातमोजे घालून उचला. गरोदर बाई आणि लहान मुलांनी ते काम करू नये. आठवड्याभरानं रक्तातल्या पांढऱ्या पेशी उतरतात. तेव्हा ताप मोजा. कुत्र्याचं तापमान 101 ते 102.5 फॅरनहाइट असतं. 103 च्या वर गेलं आणि तो सुस्त झाला, तर फोन करा.

खाण्याचं फार अवघड करू नका. ज्वारीची भाकर कोमट पाण्यात किंवा वरणात कुस्करून, त्यात उकडलेलं अंडं किंवा बिनमिठाचं शिजवलेलं चिकन. वरणाला कांदा-लसणाची फोडणी नको, त्यानं कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. भूक मेली असेल तर अन्न जरा गरम करा, वासानं तो तोंड लावतो.

काही घरांना ऑपरेशन परवडत नाही, काही कुत्री इतकी थकलेली असतात की ते झेपत नाही. त्यात कुणाचं काही चुकलं नाही. तेव्हा वेदना कमी ठेवणं हाच उपचार, आणि तो पूर्ण मनानं करावा. अमेरिकेतल्या पशुवैद्य डॉ. अ‍ॅलिस व्हिलालोबोस यांनी यासाठी एक मोजमाप दिलंय: वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, चालणं-फिरणं, आणि वाईटापेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का. प्रत्येकाला 10 पैकी गुण. 70 पैकी 35 च्या वर असेल तर सांभाळत राहावं. घरातल्या दोघांनी वेगवेगळे गुण लिहा, दर रविवारी. फरक पडला तर बोला.

गुण घसरतच गेले आणि डॉक्टरांनी शांत मरणाचा पर्याय सुचवला, तर आधी गाढ झोपेचं औषध देतात, मगच शेवटचं. मुलांना "तो पळून गेला" असं सांगू नका. ती गावभर शोधत फिरतात. पुरायला खड्डा निदान चार फूट खोल हवा, विहीर आणि नाल्यापासून लांब. त्या औषधाचा अंश शरीरात राहतो. उथळ पुरलं आणि दुसऱ्या कुत्र्यानं, कोल्ह्यानं उकरून खाल्लं तर त्यालाही विषबाधा होते. वर दगड रचा, आणि उरलेल्या गोळ्या घरात न ठेवता दवाखान्यात परत द्या.