पान ओतावे की घडवावे?

(बडोद्यात झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महोदय आणि रसिकहो, बाहेरच्या फळ्यावर 'धातू आणि निसर्ग' असा विषय लिहिला आहे आणि त्यामुळे काही मंडळी पर्यावरणावरचे भाषण ऐकण्याच्या तयारीने आली असावीत, अशी मला शंका आहे. त्यांनी उठू नये. पाने, बोरे आणि भुंगे यांच्याखेरीज मी फारसे काही बोलणार नाही. तांब्याच्या पत्र्याला आणि झाडाच्या पानाला वळण येते ते एकाच कारणाने, एवढेच मला आज मांडायचे आहे. त्याआधी मात्र एक जुनी तक्रार सांगणे भाग आहे, कारण तिच्यापासूनच मी या विचाराकडे वळले.

मी तांबे आणि चांदी घडवते. गळ्यातले, कानातले करते, तशीच भिंतीवर लावण्याची आणि अंगणात उभी राहणारी शिल्पेही करते. यांपैकी काहीही मांडले की पाहणाऱ्याचा पहिला प्रश्न असतो, "हे खरे पान आहे का?" नाही, पत्र्यातून घडवले आहे, असे सांगितले की चेहरा पडतो. एका प्रदर्शनात एक सद्गृहस्थ माझ्या चांदीच्या पिंपळपानापुढे बराच वेळ उभे होते. त्यांनी पानाच्या शिरा बोटाने मोजल्या, पान उलटे करून पाहिले, चष्मा काढून पुन्हा पाहिले आणि म्हणाले, "ताई, काम चांगले आहे, पण हुबेहूब नाही." मग ते शेजारच्या टेबलाकडे गेले. तिथे खरी पाने तांब्यात मढवून, वर सोन्याचा मुलामा देऊन ठेवलेली होती. ही कृती अवघड नाही. पानावर वीज वाहून नेणारा लेप द्यायचा, ते मोरचुदाच्या द्रावणात बुडवून वीजप्रवाह सोडायचा, म्हणजे तांबे कणाकणाने त्याच्यावर चढत जाते. पान आतच राहते. बाहेर दिसते ते त्याचे तांब्याचे कवच. गृहस्थांनी तशी दोन पाने घेतली, एक सुनेसाठी आणि एक विहीणबाईंसाठी, आणि परतताना माझ्यापाशी थांबून मला धीर दिला की सरावाने जमेल.

तुम्ही हसता आहात, पण तुमच्यापैकी निम्म्यांच्या घरी ते सोनेरी पान असेल, हे मला ठाऊक आहे. माझा त्या कृतीवर राग नाही. माझे म्हणणे इतकेच की त्या पानात प्रत्येक शीर असते आणि त्यांतली एकही कुणी निवडलेली नसते. कोणती शीर ठेवायची, कोणती सोडायची, काठ कुठे उचलायचा, याचा निर्णय ज्याने घेतला असा माणूसच त्या वस्तूत सापडत नाही.

आपल्या आज्यांच्या अंगावरचे दागिने आठवून पाहा. बोरमाळेतले बोर म्हणजे पातळ पत्र्याचा पोकळ मणी, आत लाख भरलेली, म्हणजे तो वजनाला हलका राहावा आणि सहज चेपू नये. त्याला देठ नाही, सुरकुती नाही. तरीही बोरमाळ हुबेहूब नाही म्हणून एखाद्या सासूने ती परत पाठवल्याचे मी ऐकलेले नाही. जोंधळी पोत, चाफेकळी, बकुळहार, गहूतोडे, लहान मुलांच्या कपाळावरचे पिंपळपान, कोल्हापुरी साजातले मासा, कासव आणि भुंगा, यांपैकी प्रत्येकात सोनाराने त्या वस्तूची एखाददुसरीच खूण उचलली आणि बाकीची सोडून दिली. इथे बडोद्याचे राजे खंडेराव महाराज यांच्या मोत्यांच्या गालिच्यावरील वेलबुट्टीविषयीही बोलण्यासारखे पुष्कळ आहे; पण तो २००९ साली कतारमधल्या दोहा शहरातल्या लिलावात गेला आणि बडोदेकर मंडळींपुढे त्याचे नाव काढले की सभेचा उरलेला वेळ हळहळण्यात जातो, म्हणून पुढे जाते.

मग ओतकाम वाईट का, असे कुणी विचारील. मुळीच नाही. इथल्याच अकोट्याला १९५१ साली सापडलेल्या आणि आता आपल्या बडोद्याच्या संग्रहालयात असलेल्या जैन कांस्यमूर्ती ओतीवच आहेत, आणि मेणाची मूर्ती मातीने लिंपून, मेण वितळवून त्या जागी धातू ओतण्याची रीत बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने 'मानसोल्लासा'त सविस्तर लिहून ठेवली आहे. मात्र तिथे आधी मेण हाताने घडवलेले असते, म्हणजे निवड करणारा माणूस तिथे हजर असतो. हल्ली खरे पान किंवा बी सरळ प्लास्टरमध्ये पुरतात, भट्टीत सातशे अंशांच्या आसपास जाळून टाकतात आणि उरलेल्या पोकळीत चांदी ओततात. चांदी सुमारे ९६२ अंशांना वितळते आणि पानाची पोकळी इतकी अरुंद असते की ती भरण्याआधीच चांदी थिजते, म्हणून पानाच्या पाठीला मेणाचा थर द्यावा लागतो. मीही बिया अशा ओतते. करंजाची शेंग मात्र मी कधीच ओतणार नाही, कारण ती हातोडीने घडवताना जे कळते ते ओतताना कळत नाही.

अध्यक्षांकडून चिठ्ठी आली आहे. दहा मिनिटे उरली आहेत आणि कबूल केलेला विषय अजून सुरूही झालेला नाही, तेव्हा आता थोडी घाई करते.

तांब्याचा पातळ पत्रा लालसर होईपर्यंत तापवला की नरम होतो. तो मधोमध दुमडून अर्ध्या पानाच्या आकारात कापायचा आणि दुमडलेली बाजू न छेडता मोकळ्या काठावर हातोडीचे घाव घालत जायचे. मार बसेल तिथे पत्रा पातळ होतो आणि लांबतो. काठ लांबला आणि मधली घडी तेवढीच राहिली की सगळा तुकडा कोयत्यासारखा वाकतो. मार खाऊन तांबे ताठरते आणि तसेच पुढे रेटले तर काठ चिरतो, म्हणून मध्येमध्ये पुन्हा तापवावे लागते. शेवटी घडी उलगडली की मधोमध उभी शीर आणि दोन्ही बाजूंना लहरते काठ असलेले पान हातात येते. दुमडून घडवण्याची ही पद्धत १९८०च्या दशकात चार्ल्स लूटन-ब्रेन या धातुकाराने नीट बांधून दिली.

झाडावर वेगळे काही घडत नाही. पानाच्या काठाच्या पेशी मधल्या भागापेक्षा जास्त वाढल्या की काठाला जागा पुरत नाही आणि तो झालरीसारखा चुण्या घेतो. काठ मागे राहिला तर पानाची वाटी होते. स्नॅपड्रॅगन हे फुलझाड तुम्ही बागेत पाहिले असेल. त्याच्या एका जनुकात बिघाड झाला की काठाची वाढ वेळेवर थांबत नाही आणि एरवी सपाट असणारी पाने कुरळी होतात, असे उत्पल नाथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली दाखवून दिले. म्हणजे कुरळे पान ही मोठी गोष्ट नव्हे. काठ आणि मध्य यांचा हिशेब सतत जुळवत ठेवावा लागतो तो सपाट पानाला. इथल्या घडियाळी पोळ या वस्तीतल्या कोणत्याही जुन्या कारागिराला विचारा, मोठा पत्रा ठोकून तंतोतंत सपाट करण्याइतके किचकट काम त्याला दुसरे सांगता येणार नाही.

राहता राहिला कृष्णवड, आपल्या वडाचाच तो प्रकार, ज्याच्या पानाच्या बुडाशी द्रोणासारखी वाटी असते. घडीच्या रीतीने ती होत नाही. तिथे काठ लांबवायचा नसतो, आक्रसायचा असतो: काठाला चुण्या पाडायच्या आणि त्या पसरू न देता लाकडी हातोडीने आतल्या आत जिरवायच्या. तांबट पातेली उभारतात ती याच रीतीने, आणि सध्या माझ्याकडे घडत असलेल्या हातभर उंचीच्या शिल्पाचे सगळे काम या वाटीवरच चालले आहे.

समोरच्या टेबलावर लांबवलेला आणि आक्रसलेला असे दोन्ही पत्रे ठेवले आहेत. ते हातात घ्यावेत, काठावरून बोट फिरवून पाहावे, आणि ज्यांना चार घाव घालून पाहायचे असतील त्यांच्यासाठी कोरा पत्राही आणला आहे. ऐरण मात्र जागची हलवू नये. टेबल या सभागृहाचे आहे.