एकच जात, आठ-दहा मासे

श्रोतेहो, नमस्कार.

नेरुळ-वाशीकडे रंगीत माशांच्या दुकानात शिरलात, की भाव बहुधा जोडीचा सांगतात. मग आपणही निऑनची एक जोडी, टायगर बार्बची एक, झेब्र्याची एक अशा पिशव्या बांधून घेतो. आठवडाभरात तक्रारी सुरू. मासे झाडाआड दडून बसतात, एकमेकांचे पर कुरतडतात, रंग उडालाय. दोष जातो पाण्याला, नाहीतर दुकानदाराला.

खरं तर थव्यानं राहणारे हे मासे जोडीनं घेऊच नयेत. एकच जात निवडा आणि तिचे आठ-दहा घ्या. माशाच्या दोन्ही कुशींवर पार्श्वरेषा असते, तिच्यामुळे शेजारच्याची हालचाल त्याला पाण्यातूनच जाणवते. नजर आणि ही रेषा यांच्या जोरावर अख्खा थवा एकदम वळतो, आणि शिकारी माशाला त्यातला नेमका एक हेरता येत नाही. दोघंच असले की हा आधार गेला. मग ते कायम धास्तावलेले. टायगर बार्ब संख्येनं जास्त असले तर आपसांतच पाठलाग करत राहतात. कमी असले, की बिचाऱ्या एंजल माशाच्या लांब परांवर संक्रांत!

पहिल्यांदाच पाळणार असाल तर झेब्रा डॅनिओ घ्या. हा आपल्याच उपखंडातल्या ओढ्यांतला, भातखाचरांतला मासा. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ साली त्याची शास्त्रीय नोंद केली. आज जगभरच्या प्रयोगशाळांत तो आहे, आणि दुकानात मात्र स्वस्त म्हणून दुर्लक्षित. काटक आहे, फक्त उडी मारतो, म्हणून झाकण हवंच. टँक उंच नको, लांब हवा. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच, म्हणजे साधारण पन्नास लिटर.

निऑन टेट्रा अॅमेझॉनच्या खोऱ्यातला. त्याला मऊ, म्हणजे क्षार कमी असलेलं पाणी आणि २६ अंशांच्या आतलं तापमान मानवतं. आपल्याकडे मे महिन्यात, दारं-खिडक्या लावून सगळे कामावर गेले की टँकमधल्या पाण्याचं तापमान कुठच्या कुठे जातं. पंखा पाण्यावर रोखला तर थोडा उतार पडतो, पण खाडीकाठच्या दमट हवेत फार आशा धरू नका. आणि हो, रात्री निऑनची निळी पट्टी फिकी पडते. सकाळी दिवा लावल्यावर घाबरू नका, थोड्या वेळात उजळते.

मोरबे धरणाचं पाणी नळाला येतं ते क्लोरीन घालून. अँटीक्लोरीनचे थेंब टाकल्याशिवाय ते टँकमध्ये ओतू नका. सोसायटीत टँकरचं किंवा बोअरचं पाणी मिसळत असेल, तर ते जड, म्हणजे जास्त क्षारांचं असू शकतं. निऑनचा विचार तिथेच सोडा. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नका. माशांच्या विष्ठेतून येणारा अमोनिया पचवणारे जिवाणू त्यातच राहतात, आणि नव्या टँकमध्ये ते जम बसवायला चार ते सहा आठवडे घेतात. तोवर मासे कमी, खाणं त्याहून कमी. दहाच्या दहा एका दिवशी सोडू नका. तीन-चारांनी सुरुवात करून थवा वाढवत न्या.

दुकानात गेल्यावर पैसे काढण्याआधी त्यांचा टँक नीट बघा. तळाशी एखादा जरी मेलेला दिसला, तर त्या टँकमधला एकही घेऊ नका, कितीही घासाघीस करून भाव उतरला तरी.