नांग्यांशेजारचं झाड

मंडळी, भुईमुगाच्या पैदासकाराची, म्हणजे नवी वाणं घडवणाऱ्याची, पहिली पंचाईत अशी की त्याचं पीक मातीखाली असतं. गव्हाचा माणूस बांधावरून चालता चालता ओंब्या न्याहाळतो. इथे आऱ्या (फुलातून निघून शेंग धरणारे दांडे) जमिनीत शिरल्या की झाड उपटेपर्यंत काही कळत नाही.

नोकरीतल्या पहिल्याच उन्हाळी हंगामात एफ-२ च्या, म्हणजे संकराच्या दुसऱ्या पिढीच्या, प्लॉटात मी एक झाड उपटलं, तर शेंगांचा घोसच! मोजल्या, ४२ भरल्या. भोवतालच्या झाडांना पंधरा-अठरा. मी हरखलो, चिठ्ठी बांधली, शेंगा वेगळ्या पिशवीत ठेवल्या. पुढच्या हंगामात त्यांची ओळ लावली, ती अगदी चारचौघींसारखी निघाली. आमच्याकडे कामाला असलेले एक वयस्कर मामा होते. ते म्हणाले, "साहेब, त्या झाडाच्या दोन्ही अंगांना नांग्या होत्या." खरंच होत्या. ओळीतलं अलीकडचं आणि पलीकडचं बी उगवलंच नव्हतं. दहा सेंटीमीटरवर शेजारी असायचे, ते वीसवर गेले. मी निवडलं ते वाण नव्हतं, ती मोकळी जागा होती.

एकेकट्या झाडाच्या शेंगांच्या संख्येत आनुवंशिकतेचा वाटा थोडा, जागा-पाणी-मातीचा जास्त. शिवाय एफ-२ मध्ये, आई-बापांत फरक असलेल्या जनुकजोड्यांपैकी सरासरी निम्म्या अजून विषमयुग्मी, म्हणजे जोडीतली दोन जनुकं वेगळी असलेल्या, असतात. एफ-५ ला हे प्रमाण सव्वासहा टक्क्यांवर येतं. म्हणजे आज जे डोळ्यांत भरतं, ते पुढच्या पिढीत वेगवेगळ्या रूपांत फुटू शकतं.

मग एफ-२ मध्ये हात बांधून बसायचं का? नाही. दाण्याचा आकार आणि झाडाची उपटी-पसरी ठेवण (उभं वाढतं की जमिनीवर पसरतं) यांवर बराच भरवसा ठेवता येतो. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात क्ष-किरणांच्या उत्परिवर्तनातून टपोऱ्या दाण्याचा टीजी-१ हा वाण तयार झाला आणि १९७३ साली तो प्रसारित झाला. असा दाणा नुसत्या नजरेला सापडतो. मात्र दाणा वाढला की शेंगा घटू शकतात, हेही डोक्यात असू द्या.

शेंगा मोजायच्याच असतील, तर सगळं शेत एका मापाने मोजू नका. १९६१ मध्ये अमेरिकेत गार्डनर यांनी मक्यासाठी शेताचे लहान चौकोन पाडून प्रत्येक चौकोनातली उत्तम झाडं निवडायची पद्धत मांडली. खडकाळ कोपऱ्यातल्या झाडाची तुलना त्याच कोपऱ्यातल्या झाडांशी होते. आणि मोजताना टरफल फोडून आत बघा. आतली बाजू काळपट पडली असेल तर शेंग पक्व. पोचट शेंगांची भर घालून आकडा फुगवायला काहीच लागत नाही.

आता बियाण्याचा हिशेब. वीस शेंगा, शेंगेत दोन दाणे, म्हणजे ४० बिया. पाच मीटरच्या ओळीला दहा सेंटीमीटरवर ५० लागतात. एका झाडाच्या बियांत एक ओळसुद्धा पुरी होत नाही, मग एफ-३ मध्ये पुनरावृत्तीचा प्रयोग, म्हणजे तीच ओळ अनेक जागी लावून बघणं, कुठून करणार? म्हणून उत्पादनाचा निवाडा एफ-४, एफ-५ वर ढकला, आणि दर दहा ओळींनंतर टीएजी-२४ सारख्या तुल्य, म्हणजे तुलनेसाठीच्या, वाणाची एक ओळ ठेवा.

त्या फजितीनंतर उगवण झाली की मामा शेतात फेरी मारायचे आणि नांग्यांशेजारच्या झाडांना लाल दोरा बांधायचे. काढणीला ती झाडं आम्ही मोजायचोच नाही, थेट पोत्यात.